बाद शिक्का आणि गुरुवारची पिशवी

बारामतीच्या आमच्या वाचनालयात रबरी शिक्के दोनच होते. एकावर वाचनालयाचं नाव होतं आणि दुसऱ्यावर नुसतं 'बाद'. पहिला मी रोज वापरायचो, त्यामुळे त्याची अक्षरं झिजून बोथट झाली होती. दुसरा वर्षातून एकदा, पुस्तकांच्या मोजणीच्या वेळी कपाटातून बाहेर निघायचा. ज्या पुस्तकाची पानं गळाली, ज्याला वाळवी लागली, ज्याच्यावर कुणाच्या घरी कालवण सांडलं, त्याच्या पहिल्या पानावर हा शिक्का मारायचा, बाद-वहीत नंबर लिहायचा आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा: 'जीर्ण'. दुसरं कारण लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. एकदा यायला हवी होती, ती मी येऊ दिली नाही. त्याचीच ही हकीकत.

मिठाच्या चळवळीचा जोर ओसरून तुरुंगात गेलेली माणसं घरी परतली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. आमचं घर कॅनॉलच्या पाण्यावर भाजीपाला करणारं. मी सातवीची फायनल पास झालो आणि वाचनालयात चिकटलो. वडिलांना वाटलं, पोरगं सावलीत बसलं, बरं झालं. मला ग्रंथपाल म्हणत, पण झाडू सोडून सगळी कामं माझ्याकडे होती. झाडू तात्यांकडे होता. तात्या म्हणजे आमचे शिपाई, साठीला टेकलेले. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कुठलं पुस्तक कुठल्या घरी किती दिवस पडून आहे हे त्यांना माझ्या वहीपेक्षा पक्कं ठाऊक असायचं.

वाचनालय पेठेत एका दुकानाच्या माडीवर होतं. बायका तो जिना चढत नसत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, लिहायची गरजच कुणाला पडली नव्हती. म्हणून गुरुवारची पिशवी निघाली. गुरुवारी बाजार, पुरुषमंडळी बाजारात नाहीतर गुळाच्या वखारीत. त्या दिवशी तात्या खांद्याला खादीची मोठी पिशवी अडकवून घरोघर फिरत. बाईनं वाचलेलं पुस्तक पिशवीत टाकायचं, सोबत चिठ्ठी द्यायची, आणि चिठ्ठी वाचून मी पुढच्या गुरुवारी दुसरं पाठवायचं. नोंद मात्र घरातल्या पुरुषाच्या नावावर, कारण सभासद तो. आमच्या देवघेवीच्या वहीत बाईचं नाव औषधालासुद्धा नव्हतं. ती वही कुणी परक्यानं चाळली असती तर बारामतीचे अडतदार, वकील आणि पेन्शनर रडक्या कौटुंबिक कादंबऱ्यांवर जीव टाकतात अशी त्याची खात्री पटली असती. आम्हाला मात्र त्यात काहीच चमत्कारिक वाटत नसे.

त्या चिठ्ठ्यांवर माझा फार जीव होता. कॅलेंडरच्या पाठीवर, पोरांच्या वहीच्या कोपऱ्यावर, एकदा तर पत्रावळीच्या पानावर कोळशानं लिहिलेली चिठ्ठी आली होती. सगळ्यात गोड चिठ्ठ्या गुळाच्या अडतदारांच्या सुनेच्या. ती पुण्यात सातवीपर्यंत शिकलेली होती, अक्षर वाटोळं आणि टोकदार पेन्सिलीचं. 'मागच्या कादंबरीत शेवटी सगळेच मेले. या खेपेला निदान नायिका तरी जगू द्यावी.' किंवा, 'प्रवासवर्णन छान होतं. लेखक फार जेवतो.' मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तात्यांकडून एवढंच कळलं होतं की तिला पाठोपाठच्या चार मुली आहेत, धाकटी अजून पाळण्यात आहे, आणि सासू पाचव्यासाठी नवस बोलून बसली आहे. चिठ्ठी वाचून मी एकटाच हसत बसायचो आणि तात्या विचारायचे, "अडत्याच्या सुनबाईची हाय का?"

आता माझ्या घरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी बायको इंदापूरकडची. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिथं तिचा जीव जायचा तेवढा राहिला. इंदापूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दोन दिवस तिच्या उशाशी बसून तिला परत आणली. मी पोचलो तेव्हा नर्सबाईंनी मला बाहेर नेलं आणि सरळ सांगितलं, "जावईबापू, ही जगली हे तुमचं नशीब. पाच वर्षं तिसरं नको. ऐकताय ना? तिसरं लगेच आलं तर मी काही करू शकणार नाही."

ऐकलं सगळं. पण करायचं काय हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायला माझी जीभ रेटली नाही. तीन महिन्यांनी बायको बारामतीला आली ती काडी होऊन. मी माझी वळकटी उचलून ओसरीवर नेली, एवढाच उपाय मला सुचला. आमचा संसार तसा गोडीचा होता, दिवसभर एकमेकांची थट्टा चालायची. फक्त या एका गोष्टीपाशी आलं की दोघंही गप्प. मला भीती वाटायची, फार वाटायची. ती मेली तर, एवढाच विचार करत मी पुस्तकांना डिंक लावत बसायचो.

त्यानंतर वर्षभरात नर्सबाई नोकरीतून मोकळ्या झाल्या आणि भावाकडे जायला निघाल्या. त्यांनी वाचनालयाला कार्ड टाकलं की माझी पुस्तकं घेऊन जा. मी सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला गेलो. निमगाव मागं पडेपर्यंत मोटारीची धूळ इतकी खाल्ली की नर्सबाईंनी मला आधी तोंड धुवायला लावलं, मग चहा दिला. ट्रंकेत वीस-बावीस पुस्तकं होती. सगळ्यात वर एक तपकिरी बांधणीचं, पातळ. त्यांनी ते वेगळं काढून माझ्या हातात ठेवलं. संततिनियमनावरचं पुस्तक होतं ते, सोप्या मराठीत, बायकांसाठी लिहिलेलं, आत चार-पाच आकृत्या. मी एक आकृती पाहिली आणि पुस्तक मिटलं.

"लाजू नका," नर्सबाई म्हणाल्या. "हे कपाटात ठेवलंत तर कोणी मागणार नाही. तुमच्या त्या पिशवीत घाला. आणि आधी घरी न्या."

इथं मी जे केलं ते माझ्यासारखा माणूसच करू जाणे. मी पुस्तक पिशवीत घातलं, पण आधी घरी नेलं नाही. आमचा नियम होता की नवं पुस्तक आधी सभासदांना, नोकरांनी आपलं नाव यादीत शेवटी लिहावं. मी वाचनालयात येऊन पुस्तकाला नंबर घातला, वाचनालयाचा शिक्का मारला आणि मागणीच्या यादीत तळाला माझं नाव लिहिलं. नियमाचं पालन वगैरे काही नव्हतं ते. हे पुस्तक हातात घेऊन बायकोसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती, आणि यादीत नंबर लावला की तोवर तरी काही बोलावं लागणार नव्हतं.

पहिल्या गुरुवारी मी ते कुणी न मागता एका घरी पाठवलं. दुसऱ्या गुरुवारी ते परत आलं आणि सोबत तीन वेगवेगळ्या घरांच्या चिठ्ठ्या आल्या. बायकांनी एकमेकींना कुठं आणि कसं सांगितलं, नदीवर की देवळात, देव जाणे. चिठ्ठ्यांमध्ये पुस्तकाचं नाव कुणीच लिहीत नव्हतं. 'इंदापूरच्या बाईंचं पुस्तक पाठवावे.' 'ते पातळ पुस्तक.' एकीनं लिहिलं होतं, 'भूगोलाचे म्हणून पाठवावे.' यादी वाढत गेली, माझं नाव तळाला ढकललं जात राहिलं. अडतदारांच्या सुनेची चिठ्ठीही आली. नेहमीची थट्टा तिच्यात नव्हती. 'ते पुस्तक मलाही हवे आहे. माझा नंबर लवकर लावला तर उपकार होतील.'

सात-आठ घरं फिरल्यावर पुस्तक एका पेन्शनर गृहस्थांना स्वतःच्या घरात, ज्वारीच्या कणगीत सापडलं. ते तडक ते काखोटीला मारून अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे गावातले वकीलसाहेब. मोठा मनाचा माणूस. मिठाच्या चळवळीत सहा महिने तुरुंगात जाऊन आलेले. मला त्यांनीच नोकरीला लावलं होतं, आणि भाजीवाल्याच्या पोराला खुर्ची कशाला असं कुणी म्हटलं तेव्हा स्वतःची खुर्ची पुढं सरकवली होती. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही, आणि पुढचंही मी वाईट म्हणून लिहीत नाही.

रविवारी वाचनालयाचं मंडळ बसलं. वकीलसाहेब, अडतदार, ते पेन्शनर आणि आणखी दोघं. पुस्तक मधे सतरंजीवर. कुणी त्याला हात लावेना.

"हे आपल्या वाचनालयातून घरोघर जातं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"जातं," मी म्हटलं.

"कोणकोण नेतं असलं पुस्तक? वही आणा. नावं वाचा. प्रत्येकाला मी स्वतः समज देतो."

मी वही उघडली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या तात्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले, पण मला त्या क्षणी काही सुचलं नाही. सांगितलेलं करायची सवय होती. मी वाचायला लागलो. पहिलं नाव एका कापडवाल्याचं. दुसरं मंडळातल्याच एका सभासदाचं. तो गृहस्थ ताठ झाला. तिसरं नाव मी वाचलं आणि वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते वकीलसाहेबांचं आहे.

खाली रस्त्यावरून गुळाच्या ढेपांची गाडी चालली होती, तिच्या चाकांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला. वहीत बायकांचं वाचन पुरुषांच्या नावावर पडतं हे त्या पाचही जणांना माहीत होतं, इतकी वर्षं त्यांच्याच सह्यांनी ते चालत होतं. पण ज्यानं कधी कादंबरी हातात धरली नाही त्याच्या नावावर कादंबरी असणं वेगळं आणि हे वेगळं. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते लाजले होते. घरात आपल्या बायकोला काही हवं होतं आणि ते तिनं आपल्याला न सांगता तात्यांच्या पिशवीकडे मागितलं, हे त्यांना चार माणसांत कळलं होतं.

"पुढची नावं नकोत," ते म्हणाले.

"मग करायचं काय?" पेन्शनर म्हणाले. "फाडून टाका."

"फाडायचं नाही. आपण काही सरकार नाही." वकीलसाहेब चटकन म्हणाले. याला कारण होतं. चळवळीच्या दिवसांत फौजदार आमच्या माडीवर येऊन दोन पत्रकं आणि एक छोटं पुस्तक जप्त करून घेऊन गेला होता, तेव्हा वकीलसाहेबांनी जिन्यात उभं राहून त्याला सुनावलं होतं. विचारांची ही मुस्कटदाबी आहे, असं ते म्हणाले होते. सगळ्या पेठेनं ते ऐकलं होतं. आता त्यांना पुस्तक ठेवताही येईना आणि टाकताही येईना.

आणि इथं वाट मी काढून दिली. कुणी मला विचारलं नव्हतं. मी पुस्तक उचललं, त्याचा कणा दाखवला. आठ घरं फिरून तो सैल झाला होता, दोन पानं सुटली होती. मी म्हणालो, "साहेब, पुस्तक जीर्ण झालंय. मोजणीत बाद करता येईल."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला अजून ते आठवलं की अवघडल्यासारखं होतं. "बरोबर," ते म्हणाले. "ही काही जप्ती नव्हे. आपल्या घरातलं फाटकं आपण काढून ठेवतो, तसंच हे." अडतदारांनी मान डोलावली. सगळ्यांचेच खांदे सैल झाले. मोजणीची वाट न बघता मी तिथंच शिक्का मारला, खाली तारीख घातली, बाद-वहीत नंबर लिहिला आणि पुढं 'जीर्ण' असं लिहिलं.

मी हे का केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. नोकरीची भीती होती, वकीलसाहेबांची लाज राखावी असंही वाटलं. पण खरं कारण तिसरंच होतं. आमच्याकडे छापलेला कागद जाळत नसत, पायदळी येईल म्हणून रद्दीतही देत नसत. विद्या ती विद्या. बाद पुस्तकं कऱ्हेच्या पाण्यात सोडायची असा रिवाज होता. आता कऱ्हेला पाणी वर्षाकाठी किती दिवस असतं हे बारामतीकराला सांगायला नको. त्यामुळे बाद पुस्तकं माझ्या टेबलाखालच्या ट्रंकेत नदीला पाणी यायची वाट बघत महिनोन् महिने पडून असत. ती कोणी मोजत नसे आणि त्यांच्यावर कोणाचा नंबर नसे. पुस्तक बाद झालं की ते माझं होतं. यादीतली सगळी नावं एका शिक्क्यानं पुसली जाणार होती आणि तळाला असलेलं माझं नाव आपोआप वर येणार होतं. शिक्का मारताना माझ्या मनात हेच होतं.

त्याच संध्याकाळी मी वांग्यांच्या पिशवीत पुस्तक घालून घरी नेलं आणि वांग्यांसकट बायकोपुढं ठेवून अंगणात निघून गेलो. पोरांना विनाकारण विहीर दाखवून आणली. परत आलो तेव्हा वांगी चिरून झाली होती आणि पुस्तक कुठं दिसत नव्हतं. चार-पाच दिवस ती दुपारी वाचत होती. चौथीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायची. मग एकदा जेवण वाढता वाढता म्हणाली, "म्या वाचलं. आता तुमी वाचा. आन वाचून झाल्यावर वळकटी आत आणा. थंडी पडलीया."

आयुष्यात मला कुणी इतकं सुंदर बोललेलं नाही. त्या पुस्तकानं आमच्या दोघांच्या तोंडाला घातलेलं कुलूप उघडलं. लाजत, हसत, एकमेकांना चुकीचं समजावत आम्ही ते शिकलो. आमचं तिसरं मूल सहा वर्षांनी, तिला हवं होतं तेव्हा झालं, आणि ते झाल्यावर चौथ्या दिवशी ती उठून माझ्यावर ओरडत होती.

पण त्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला एक प्रश्न विचारला. "पुढचा नंबर कुनाचा हाय?"

"कुणाचा नाही. पुस्तक बाद झालंय."

"बाद झालंय तर माझ्या हातात काय हाय ह्ये?"

मी तिला सगळं सांगितलं. सभा, वही, शिक्का. मला वाटलं ती हसेल. वकीलसाहेबांच्या नावापाशी ती हसलीही. मग म्हणाली, "म्हंजी बाकीच्यास्नी बाद आन आपल्याला न्हाय व्हय?"

"अगं, पुस्तक फाटलेलंच होतं."

"दोन पानं सुटल्याली. खळ लावून म्याच चिकटवली की परवा."

मला राग आला. राग आला कारण तिचं खरं होतं. मी तिला समजावलं की वाचनालयात पुस्तकं बाद होतातच, फळी केवढी, पुस्तकं किती, सगळी कशी ठेवणार. ती ऐकत होती आणि मला माझ्याच टेबलासमोरची फळी दिसत होती. तिथं वकीलसाहेबांनी दिलेले कायद्याचे जाड ग्रंथ होते, वाळवीनं आरपार भोकं पाडलेले. दहा वर्षांत त्यांना कुणी हात लावला नव्हता, आणि ते बाद करायचं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. फौजदारानं पुस्तक नेलं तेव्हा निदान पंचनामा केला होता, आपण काय नेतोय आणि का नेतोय ते लिहून खाली सही ठोकली होती. मी एक शब्द लिहिला होता आणि तोही खोटा होता.

"मोजणी होऊ दे," मी म्हटलं. "वार्षिक सभा होऊ दे. जरा थंड झालं की गुपचूप पिशवीत घालतो."

"आन तवर?"

तोवर अडतदारांच्या सुनेची चिठ्ठी दर गुरुवारी येत राहिली. यादीत पहिला नंबर तिचाच होता. 'पुस्तक आले का?' मी लिहायचो, 'बाहेर आहे.' पुढच्या गुरुवारी पुन्हा, 'अजून बाहेरच आहे का? फार सावकाश वाचतात लोक.' मी पुन्हा लिहायचो, 'बाहेर आहे,' आणि सोबत एखादी चांगली कादंबरी पाठवायचो, मन खाऊ नये म्हणून. वार्षिक सभेची तारीख एकदा पुढं गेली, मग वकीलसाहेब तापानं आजारी पडले म्हणून आणखी एकदा. बायकोनं पुस्तक परत माझ्या पिशवीत घातलं, मी ते काढून कोनाड्यात ठेवलं, तिनं पुन्हा घातलं. आमचं चांगलं भांडण झालं. ती म्हणाली, "तुमाला काय जातंय, थांबायला. थांबतीया ती." त्या वाक्यानं मी हललो. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. वहीत नोंद न करता मी पुस्तक पिशवीत घातलं आणि तात्यांना म्हणालो, "हे अडतदारांच्या सुनेच्या हातातच द्या."

तात्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्ये नदीत गेल्यालं न्हवं?"

"नदीला पाणी नाही."

"म्या तेच म्हन्तो," तात्या म्हणाले आणि जिना उतरले.

संध्याकाळी पुस्तक परत आलं. तात्या म्हणाले, बाईंनी उघडून पाहिलं, पानं उलटली, थोड्या हसल्या आणि चिठ्ठी दिली. पेन्सिलीचं तेच वाटोळं अक्षर होतं. 'पुस्तकाबद्दल आभार. आता याचा उपयोग नाही, चौथा महिना आहे. जिला अजून उपयोग आहे तिला द्यावे. मला एखादी लांबलचक कादंबरी पाठवा, बसून राहावे लागणार आहे.'

बाद शिक्का पहिल्याच पानावर होता आणि शिक्क्याखाली माझ्या हातानं घातलेली तारीख होती. ती तारीख तिनं पाहिली की नाही हे मला कधीच कळलं नाही. मी घरी जाऊन बायकोला चिठ्ठी दाखवली. तिनं वाचली, घडी करून माझ्या हातात परत ठेवली आणि चुलीकडे वळली, ते मला फार लागलं. स्वतःवरच्या रागात मी दुसऱ्या गुरुवारी पुस्तक पुन्हा पिशवीत घातलं, तिसऱ्याही, आणि मग घालतच राहिलो. कुठल्याही वहीत नोंद नसलेलं ते पुस्तक पुढं कितीतरी वर्षं बारामतीत फिरलं. एकदा इंदापूरलाही जाऊन आलं. कऱ्हेला मधे दोनदा चांगलं पाणी येऊन गेलं. वकीलसाहेबांना ते माहीत असावं, कारण एकदा मला एकटं गाठून ते म्हणाले, "त्या बाद पुस्तकांचं काय करता हो तुम्ही?" मी म्हटलं, "नदीत सोडतो." ते म्हणाले, "छान करता," आणि खिशातून सुपारी काढून मला दिली.

अडतदारांच्या सुनेला पाचवीही मुलगी झाली. बाळंतपण जड गेलं. जगली, पण त्यानंतर तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, कायमचं खाली उतरलं, बसून सरकणं आणि भिंत धरून उभं राहणं एवढंच उरलं. चिठ्ठ्या येत राहिल्या, अक्षर जरा कापरं झालं, थट्टा मात्र परत आली. ती थट्टा वाचताना मला आता हसू येत नसे.

पुढं काळ बदलला. तात्या गेले आणि पिशवी बंद झाली. एके दिवशी दोन वेण्या घातलेली, नऊ-दहा वर्षांची एक मुलगी खाडखाड जिना चढून वर आली आणि आईसाठी कादंबरी द्या म्हणाली. आमच्या जिन्यावरून वर आलेली ती पहिली मुलगी. अडतदारांची पाचवी नात. विलक्षण चुणचुणीत पोर. उभ्या उभ्या दहा पानं वाचून पुस्तक चांगलं की वाईट ते मला सांगायची, आणि ते बरोबर असायचं. वाचनालयात माझा सर्वांत लाडका वाचक तीच झाली. ती जिन्यावर दिसली की मला आनंद व्हायचा, आणि त्याच आनंदाची लाजही वाटायची, कारण मी त्या वेळी वेगळा वागलो असतो तर ही पोर या जगात नसती आणि तिची आई स्वतः जिना चढून आली असती. हे दोन्ही एका वेळी मनात कसं ठेवायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

एकदा तिच्या पुस्तकावर मी तारीख घालत होतो. ती टेबलावर कोपरं टेकवून उभी होती.

"आई तुमच्याबद्दल काय म्हणते सांगू?" तिनं विचारलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, त्या माणसानं मला कधी एकाही पुस्तकाला नाही म्हटलं नाही."